‘ख्रिसमस ट्री’ मागितल्यावर हातात काय पडतं? ठाणे-नवी मुंबईच्या नर्सऱ्यांतल्या सूचिपर्णी झाडांची पारख

नोव्हेंबर सरत आला की घोडबंदर रोडच्या कडेला आणि नवी मुंबईत उच्चदाबाच्या तारांखालच्या पट्ट्यात थाटलेल्या नर्सऱ्यांपुढे हिरव्या शंकूंच्या रांगा लागतात. कुणी ‘ख्रिसमस ट्री’ मागतं, कुणी ‘फर’, कुणी ‘पाइन’. विकणारा तिघांनाही एकच झाड दाखवतो. ते फर नसतं आणि पाइनही नसतं. बहुतेक वेळा ते अरोकेरिया असतं. त्याच्या शेजारी पोपटी-पिवळं, चुरडलं की लिंबाचा वास येणारं एक झाड असतं. जास्त फसगत त्याच्यावरच होते. खऱ्या फरचा इथे काय निकाल लागतो, आणि नर्सरीत मिळणाऱ्या सहा झाडांपैकी कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं, घेतलं तर कुंडीत काय भरावं, ते इथे सांगतो.

फरचा नाद सोडा

फर म्हणजे अबीज वंशातलं झाड. चपट्या, टोकाला बोथट सुया आणि फांदीवर सरळ उभे राहणारे शंकू ही त्याची खूण. सुई उपटली तर फांदीवर गोल, सपाट वण राहतो. थंड देशांतल्या छोट्या बागांसाठी त्याचे बुटके प्रकार निघाले आहेत. बाल्सम फरचा ‘नाना’ हा प्रकार वर्षानुवर्षं कमरेच्या खालीच राहणारं गोल झुडूप आहे. कोरियन फरच्या ‘सिल्बरलॉक’ प्रकाराच्या सुया वर वळलेल्या असतात, त्यामुळे खालची चंदेरी बाजू दिसत राहते. वाढ संथ, छाटणी जवळपास नाही, बारा महिने हिरवं. असलं झाड दारात असावं असं वाटणं साहजिक आहे.

पण ठाण्यात ते जगणार नाही. फरच्या कळ्यांना फुटण्याआधी काही आठवडे खरी थंडी लागते. इथल्या जानेवारीत रात्री पारा पंधरा-सोळावर आला तरी लोक स्वेटर काढतात, झाडाच्या हिशोबी ती थंडीच नव्हे. मे महिन्यात रात्रीही सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. दिवसा बनवलेलं अन्न झाड रात्रीच्या श्वसनात जाळून टाकतं, शिल्लक काही उरत नाही. त्यावर जूनचा पाऊस येतो. कोमट, ओल्या मातीत फायटोफ्थोरा नावाचा मूळकुजव्या रोग फोफावतो आणि फर त्याला लगेच बळी पडतं. कोरियन फरचं मूळ घर म्हणजे दक्षिण कोरियातले उंच डोंगर. जेजू बेटावरच्या १९४७ मीटर उंच हल्लासानच्या वरच्या उतारांवर त्याची रानं आहेत, आणि वाढत्या उष्म्यापुढे तिथेही ती वाळताहेत. रानातलं कोरियन फर आज संकटग्रस्त प्रजातींत मोडतं. स्वतःच्या डोंगरावर ज्याचा निभाव लागत नाही ते मानपाड्याच्या चौदाव्या मजल्यावर काय टिकणार?

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘कोरियन फर’ आणि ‘ब्लू स्प्रूस’च्या बियांच्या पाकिटांनाही हेच लागू. महिनाभर फ्रिजमध्ये ओलसर ठेवल्यावर काही बिया उगवतीलही, पण ते कोंब पुढचा उन्हाळा काढत नाहीत. शिमला-मनालीहून हौसेने आणलेल्या देवदाराच्या रोपाची गतही फार वेगळी होत नाही.

अरोकेरिया: घ्या, पण बघून घ्या

रांगेतलं हे सर्वांत भरवशाचं झाड. नॉरफोक पाइन या नावाने विकलं जाणारं अरोकेरिया ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटावरचं. तिथे हिमवर्षाव नाही, कडाक्याची थंडी नाही, समुद्राचा वारा बारमाही. म्हणून आपल्या खाडीकाठच्या हवेशी त्याचं जमतं. १७७४ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज त्या बेटाला लागलं, तेव्हा त्याला ही सरळसोट खोडं जहाजाच्या डोलकाठ्यांसाठी कामाची वाटली होती. घरी आणताना एवढं ध्यानात ठेवा: कुंडीतलं हे बाहुलं जातीने डोलकाठीचं झाड आहे. ते बुटकं नाही, फक्त लहान आहे, आणि लहान ठेवायचं काम कुंडी करते.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही ठाऊक नसते. नॉरफोक म्हणून विकलेली बरीच रोपं खरं तर न्यू कॅलेडोनियातल्या कुक पाइनची असतात. लहानपणी दोन्ही जुळी दिसतात. मोठेपणी कुक पाइन अरुंद खांबासारखं वाढतं आणि उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे कलतं. निरनिराळ्या देशांतली झाडं मोजून २०१७ साली हे दाखवून दिलं गेलं. कुंडीपुरता दोघांत फरक पडत नाही. जमिनीत लावायचं असेल तर हा कल हिशोबात धरावा लागतो.

नर्सरीत भाव फुटावर ठरतो. तुम्ही थर मोजा. अरोकेरियाच्या फांद्या खोडाभोवती एकाच उंचीवर चार ते सात अशा गोलात येतात. दोन फुटी रोपाला असे पाच-सहा थर हवेत, म्हणजे दोन थरांत चार-पाच इंचांचं अंतर. आठ-नऊ इंच अंतर दिसलं तर ते रोप दाट सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली गर्दीत ताणलं गेलंय. उंच आहे म्हणून जास्त पैसे मागतील, देऊ नका. तळाचा थर गळालेला असेल तर रोप तिथेच ठेवा, कारण खालच्या फांद्या एकदा गेल्या की पुन्हा फुटत नाहीत. झाड आयुष्यभर उघड्या पायांचं राहतं.

मग शेंडा बघा. एकच हवा, उभा हवा, टोकाची कोवळी सुयांची जुडी शाबूत हवी. शेंडा मोडलेलं अरोकेरिया पुन्हा तो डौलदार शंकू धरत नाही, दोन-तीन वाकडे शेंडे काढून बसतं. बाजूच्या फांदीच्या छाटापासून केलेलं रोप तर कधीच उभं वाढत नाही, आडवंच पसरत राहतं. म्हणून बियांपासून केलेलंच रोप मागा.

खोड बुडाशी धरून हलकेच हलवा. माती आणि खोडात फट पडून रोप डुगडुगलं तर ते काल-परवा पिशवीतून कुंडीत आलंय. मुळांनी अजून माती धरलेली नाही, आणि तुम्ही नव्या कुंडीचे पैसे भरताय. मातीच्या कडेला बोट खुपसा. इथला बराच माल उरुळी कांचनच्या पट्ट्यातून आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतो. वाटेत मुळं सुटू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. बाहेर भुसभुशीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि आत दगडासारखा गोळा असेल तर वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि गोळा कोरडा राहतो, किंवा पावसाळ्यात उलट तोच गोळा महिनाभर चिंब राहतो. असं रोप घेऊ नये असं नाही, पण घरी गेल्यावर काम आहे हे समजून घ्या. वास आंबट आला तर मात्र नकोच.

शेवटची परीक्षा कागदाची. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर लालसर रेघ उमटली तर लाल कोळी आहे. एका झाडावर तो आहे म्हणजे शेजारच्या दहांवरही आहे. दुसरी नर्सरी गाठा.

चमकी चिकटवलेलं, पांढरा ‘बर्फ’ फवारलेलं झाड कितीही गोजिरं दिसो, घेऊ नका. त्या थराखाली सुयांना ना उजेड मिळतो ना हवा, आणि तो धुऊन निघत नाही.

घरात आणल्यावर

पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि पुढे दिवसभर भरपूर उजेड, एवढं त्याला पुरतं. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर लाद्या इतक्या तापतात की कुंडीतली मुळं भाजतात. तिथे ठेवायचं असेल तर कुंडी दोन विटांवर उचलून घ्या आणि निम्मं ऊन अडवणारी जाळी लावा. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. हे झाड उजेडाकडे झुकतं आणि सहा महिन्यांत झालेला बाक पुढे सरळ होत नाही.

नाताळासाठी दिवाणखान्यात आणाल तेव्हा दहा-बारा दिवसांची मर्यादा पाळा. एसीचा झोत अंगावर नको, कोरड्या हवेने आधी तळाच्या फांद्या पिवळ्या पडतात. दिव्यांची माळ एलईडीचीच. फांद्या मऊ असतात, जड गोळे लावले की खाली लोंबतात आणि तशाच राहतात. कागदी, कापडी अशी हलकी सजावट करा. नाताळची चांदणी शेंड्याला बांधू नका, ही सर्रास होणारी चूक आहे. शेंडा मोडला की झाडाचा आकारच संपला. कुंडीत मागच्या बाजूला बारीक बांबूची काठी रोवा आणि चांदणी तिच्या टोकाला लावा. समोरून कुणाला कळत नाही. सण झाल्यावर झाड थेट उन्हात न ठेवता आठवडाभर सावलीच्या कोपऱ्यात ठेवा.

पाणी बोटाने ठरवा. दोन इंच खोल कोरडं लागलं तरच द्या, आणि दिलंत की खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. दहा इंची कुंडीला साधारण एक लिटर लागतं. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये रोज किंवा दिवसाआड. थाळीत साचलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओतून टाका. खत फार मागत नाही. फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम पुरे. पाकिटावर जास्त मात्रा लिहिलेली असते, पण कुंडीतल्या सूचिपर्णीला निम्मी बरी.

मार्च ते मे हा लाल कोळ्याचा हंगाम. सुयांवर फिकट ठिपके, मग राखाडी-तपकिरी छटा, बारीक जाळी. सकाळी पाइपच्या जोरदार फवाऱ्याने सुया खालून धुवा, चार दिवसांच्या अंतराने. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली पातळ साबण, सूर्य मावळल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात फवारलं तर तेलानेच सुया करपतात आणि दोष कोळ्यावर जातो.

पोपटी-पिवळं ते: सोडून द्या

‘गोल्डन सायप्रस’, ‘लेमन सायप्रस’, कधी ‘गोल्डन पाइन’. खरं नाव कुप्रेसस मॅक्रोकार्पाचं ‘गोल्डक्रेस्ट’. सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याचं मूळ घर कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा थंड, धुक्याचा किनारा आहे. आपल्याकडे नोव्हेंबरात येतं, जानेवारीपर्यंत छान दिसतं, मार्चमध्ये आतून तपकिरी व्हायला लागतं आणि मे-जूनला कचऱ्यात जातं. त्याची माती हलकी असते. एकदा पूर्ण सुकली की पाणी धरत नाही, वरून ओतलेलं सगळं खाली निघून जातं. तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. दोन महिन्यांची फुलदाणी म्हणून घेत असाल तर घ्या, झाड म्हणून नको.

इथे एक फसवी गोष्ट समजून घ्यावी लागते. सूचिपर्णी मेल्यावरही आठवडेच्या आठवडे हिरवी राहतात. परदेशात तोडून आणलेली फरची झाडं नाताळभर घरात हिरवीगार उभी असतात ती याचमुळे. म्हणजे नर्सरीत हिरवं दिसणारं झाड मुळाशी कधीच संपलेलं असू शकतं. नखाने खोडाची साल बारीकशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर गेलेलं. विकत घेण्याआधी हे करायला संकोचू नका, चांगला नर्सरीवाला हरकत घेत नाही.

मोरपंखी, जुनिपर आणि दोन दुर्लक्षित झाडं

शाळेच्या वहीत ठेवायचं ‘विद्येचं पान’ ज्याचं, ती मोरपंखी. रांगेत सगळ्यांत स्वस्त, आणि ऊन असेल तर सगळ्यांत काटक. तिचा ठेंगणा सोनेरी प्रकार अंड्याच्या आकाराचा, घट्ट वाढतो. ‘बुटकं, सदाहरित, दारात शोभणारं’ ही मागणी तोच सर्वांत स्वस्तात पुरवतो. अट एकच, पाच-सहा तासांचं थेट ऊन. उत्तरेच्या बाल्कनीत किंवा घरात ती विरळ होते आणि मग सुधारत नाही. पावसाळ्यानंतर आतली पानं तपकिरी होऊन गळतात, हा रोग नव्हे. ऑक्टोबरमध्ये हात घालून ती झटकून काढा, नाहीतर आत हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. छाटायची तर फक्त हिरव्या भागातच. नुसत्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे फूट येत नाही, भोक राहतं. कुंपणाला लावाल तर दोन झाडांत दोन ते अडीच फूट.

जुनिपर बोन्सायवाल्यांसाठी ठेवा. कोरडी हवा आणि निचरा दोन्ही मागतो, आणि आपला जुलै त्याला दोन्ही देत नाही. छपराखाली ठेवणार असाल तरच बघा.

आता पोडोकार्पस. नर्सरीत हा ख्रिसमसच्या रांगेत नसतो, मागे झुडपांच्या पिशव्यांत पडलेला असतो, म्हणून कुणी मागत नाही. दक्षिण जपान आणि चीनमधला हा खरा सूचिपर्णी, पण पानं बोटाएवढी लांब, चपटी, गडद हिरवी. दमट उष्मा सोसतो, अर्धवट सावली चालते, खारा वारा चालतो. आणि ज्यासाठी त्याची शिफारस करायची तो गुण म्हणजे जुन्या लाकडावर छाटला तरी तो पुन्हा फुटतो. अरोकेरियाला तुम्ही लहान ठेवू शकत नाही, फक्त कुंडीत कोंडू शकता. पोडोकार्पसला कात्रीने तीन फुटांचा शंकू करून पाच-सात वर्षं तसाच ठेवता येतो. फेब्रुवारीत एक छाटणी, सप्टेंबरअखेर दुसरी, दर वेळी नव्या वाढीचा दोन-तृतीयांश भाग काढायचा. वाढ संथ असल्याने आकार यायला दीड-दोन वर्षं लागतात, तेवढा धीर हवा. कुत्रं-मांजर असेल तर त्याची फळं आणि पानं खाऊ देऊ नयेत. नाताळात दिव्यांची माळ घातली की तो अरोकेरियापेक्षा भरगच्च दिसतो. बुटकं सदाहरित झाड म्हणून आमची पहिली पसंती हीच.

पाम बीच रोडच्या बाजूला, किंवा खाडीचा वारा सरळ अंगावर येतो अशा ऐरोली-कोपरखैरणेच्या गच्च्यांवर सुरूचा विचार करा. सुरू सूचिपर्णी नाही, फक्त तसं दिसतं. पण कोकणच्या पुळणीवर वाढणाऱ्या झाडाला मिठाचं काय कौतुक! लहानपणापासून दर दीड महिन्याला शेंडे खुडले तर त्याचा दाट शंकू होतो. खुडायचं थांबवलं की वर्षात हाताबाहेर जातं.

कुंडी आणि माती

नर्सरीत लाल माती आणि थोडं शेणखत कालवून देतात. ते इथल्या पावसात सिमेंटसारखं बसतं. वीस लिटरच्या बादलीचा हिशोब असा: लाल माती ६ लिटर, धुतलेली जाड रेती किंवा भाजक्या विटांचा वाटाण्याएवढा चुरा ६ लिटर, कोकोपीट ४ लिटर, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ४ लिटर आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. बांधकामावरची क्रश सँड घेतलीत तर चाळून तिची पूड काढून टाका, ती पूडच निचरा बंद करते. खाडीची रेती नको, मीठ असतं. कोकोपीटचा ठोकळा भिजवून ते पाणी दोनदा पिळून टाका, त्यातही मीठ असतं.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. ‘सारखी सारखी बदलायला नको’ म्हणून दहावरून एकदम सोळा इंची घेतली तर मुळं पोचत नाहीत अशी माती आठवडाभर ओली राहते आणि सड तिथूनच सुरू होते. बारा इंची कुंडीत पंधरा लिटरच्या आसपास मिश्रण बसतं, ओलं झाल्यावर वजन वीस किलोकडे जातं. ग्रिलच्या बाहेर लोंबत ठेवायची ही गोष्ट नव्हे.

चिकट गोळा असेल तर आणल्यावर दोन-तीन आठवडे झाडाला रुळू द्या. मग गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा आणि बाहेरची इंचभर माती बोटांनी सोडवा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका, सूचिपर्णींच्या मुळांवरची साथीदार बुरशी त्यांना अन्नपाण्याला मदत करते, तीही त्यात जाते. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. एक इंचही खोल गेलं तर पावसाळ्यात बुडाशी साल कुजते. भोकांवर खापरीचा तुकडा, तळाशी खडीचा जाड थर मात्र नको, त्याने निचरा सुधारत नाही, ओल उलट वर सरकते. महिनाभर खत नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, नाहीतर जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडून हवा उतरल्यावर. मार्च ते मेमध्ये करू नका.

चार महिने पाऊस

आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुंडीतली सूचिपर्णी उन्हाळ्यात वाळतात असा समज आहे, पण जास्त झाडं जुलै-ऑगस्टमध्ये मरतात आणि दिसतात ऑक्टोबरच्या उकाड्यात. मुळं आधीच गेलेली असतात, हिरवा रंग उरलेला असतो, ऊन पडलं की महिन्यात सगळं तपकिरी. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी घालतात.

म्हणून मे अखेरीस तीन कामं उरका. भोकं सळईने मोकळी करा, कुंडी विटांवर चढवा, थाळी काढून ठेवा. जूनच्या सुरुवातीला लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) कालवून मातीत ओता. तो रोग होऊ नये म्हणून असतो, झाल्यावर उपयोग नाही. सलग तीन-चार दिवस झड लागली तर कुंडी छज्जाखाली ओढा. सुयांची चकाकी गेली, झाड राखाडी-हिरवं दिसू लागलं आणि माती ओली असूनही फांद्या मलूल वाटल्या, तर लगेच काढून मुळं बघा. पांढरी, करकरीत असली तर ठीक. तपकिरी, ओढताच साल हातात येणारी असली तर ती कापून, नव्या निचऱ्याच्या मातीत, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. वाचण्याची आशा निम्मी धरा.

सोसायटीच्या बागेसाठी

घोडबंदर पट्ट्यातल्या टॉवरच्या पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या बागेत) कंत्राटदार हमखास अरोकेरियाची रांग सुचवतात. कागदावर झकास दिसते. पण पोडियमवर मातीचा थर दीड-दोन फूट असतो. ओली माती घनमीटरला दीड-पावणेदोन टन भरते, म्हणजे दोन फूट थराचा भार चौरस मीटरला टनाच्या आसपास झाला. थर वाढवता येत नाही आणि झाड वाढायचं थांबत नाही. वीस फुटी खांब दोन फूट मातीत उभा असताना पावसाळी वारं सुटलं तर काय होतं, हे मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांनी पाहिलं आहे. पोडियमला पोडोकार्पस किंवा मोरपंखीच लावा, आणि कंत्राटात झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. ‘ख्रिसमस ट्री, १२ नग’ एवढंच लिहिलं तर काहीही येऊ शकतं.

खऱ्या जमिनीत अरोकेरिया लावायचाच असेल तर इमारतीपासून वीस-पंचवीस फूट दूर, वर तारा नाहीत अशा जागी. इथे तो पाच-सहा मजल्यांशी सहज स्पर्धा करतो. ‘पुढे बघू, फार झालं तर तोडू’ हा हिशोब चुकीचा आहे. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली शहरातलं झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते सोसायटीनेच लावलेलं असलं तरी.

गॅरंटी, भाव आणि घरपोच

डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत भाव पडत नाही, मागू नका. २६ डिसेंबरनंतर तोच माल नर्सरीवाल्याला अडचण होतो. तेव्हा जा, आणि वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तेव्हाही करा, कारण उरलेल्यांत दुकानाच्या दिव्यांखाली महिनाभर उभी राहिलेली झाडंही असतात. नाताळाचा आग्रह नसेल तर मधल्या महिन्यांत, सप्टेंबर-ऑक्टोबरला घेतलेलं रोप उत्तम. पावसाळा काढून जे हिरवं आणि घट्ट राहिलं ते पुढेही टिकतं.

ऑनलाइन मागवलेल्या अरोकेरियाचा सर्वांत मोठा धोका शेंडा मोडण्याचा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, बहुतेक विक्रेते त्याशिवाय तक्रार घेत नाहीत. पोडोकार्पस आणि मोरपंखी खोक्यातला प्रवास बरा सोसतात, शेंडा गेला तरी छाटणीत भरून येतं.

‘आठ दिवसांची गॅरंटी’ सूचिपर्णीला निरर्थक आहे, मेलेलं झाडही आठ दिवस हिरवं राहतं. मागायचीच असेल तर सहा आठवड्यांची मागा, आणि घेतानाच बिलावर लिहून घ्या की सहा आठवड्यांनी बुडाशी साल खरवडून तपकिरी निघाली तर झाड बदलून मिळेल. दोन-तीन नर्सऱ्यांत विचारलंत की कोण तयार होतं ते कळेल. जो ‘खरवडून बघा की आत्ताच’ म्हणतो, त्याच्याकडून घ्या.